नजर की नशीब

माझे सासरे एन्सिओ पोन्तिनेन यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा खरा अभिमान होता. एक म्हणजे त्यांची नजर चुकत नाही. दुसरी म्हणजे द्यावा लागतो त्याहून एक पेन्नीही जास्त कर त्यांनी सरकारला कधी दिला नाही. सत्तरीपर्यंत हे दोन्ही अभिमान एका घरात गुण्यागोविंदाने नांदले. मग एका वळूने त्यांच्यात भांडण लावून दिलं.

सासऱ्याला आमच्याकडे आप्पी म्हणतात, म्हणून मीही आप्पीच म्हणतो. आप्पींनी सगळी नोकरी नदीकाठच्या लाकूडडेपोत ओंडके मोजण्यात घालवली. प्रवाहातून ओंडका तरंगत येताना दिसला की ते लांबूनच त्याचा घेर सांगायचे. पट्टी लावायची ती केवळ साहेबाच्या समाधानासाठी. निवृत्त झाल्यावर ओंडके संपले, नजर मात्र शिल्लक राहिली, आणि तिला काही काम उरलं नाही. मग ती घरात फिरायला लागली. ताटातला बटाटा किती ग्रॅमचा, पाद्रीबुवांच्या टोपीचं माप काय, गेल्या ख्रिसमसपासून जावयाच्या पोटाचा घेर किती वाढला, हे सगळं न विचारता सांगितलं जायचं. दुर्दैवाने ते बरोबर असायचं.

कराच्या बाबतीत तर ते पोहोचलेले होते. रानातून स्वतः वेचलेल्या बेऱ्या आणि अळंबी विकली तर त्या पैशावर आमच्याकडे कर नाही. त्याच बेऱ्यांचा जॅम करून विकला की मात्र आहे. हा भेद आप्पींना पाठ होता आणि त्यातली फटही ठाऊक होती. एकदा शहरातली एक बाई दारात येऊन जॅम मागायला लागली. आप्पींनी तिला बेऱ्या विकल्या, साखर खरेदीच्या भावात दिली आणि म्हणाले, "चूल आत्ता रिकामीच आहे. पातेलंही पडलंय. तुम्हीच ढवळा." ती बाई घामाघूम होऊन ढवळत होती आणि हे शेजारी खुर्ची टाकून आच कमी करा, जास्त करा सांगत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "सल्ला फुकट दिला. म्हणजे त्यावरही कर नाही."

सासूबाई हिल्का यांना सक्त ताकीद होती. "तू चमच्यालाही हात लावायचा नाहीस. चमचा हलला की धंदा झाला!"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमच्या सावो भागात बायका गप्प बसल्या की पुरुषांना वाटतं आपण जिंकलो.

मी मूळचा किनाऱ्याकडचा, तुर्कूचा. शाळामास्तर म्हणून इथे आलो, आप्पींच्या मुलीशी लग्न केलं आणि राहिलो. इतक्या वर्षांनी आता मलाही सरळ उत्तर देता येत नाही. सावोचा माणूस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो बोलायला लागला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा वाटा या सवयीचा आहे.

आमच्या गावात तरुण मंडळ आहे. त्यातला सर्वांत तरुण सभासद तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि मंडळाची कामं त्याच्यावर ढकलली जात म्हणून कुरकुरत असे. अध्यक्ष होते टाइस्तो राउतियाइनेन, आप्पींचे शेजारी आणि शाळेपासूनचे दोस्त. म्हणजे साठ वर्षं दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नव्हतं, आणि एकमेकांबद्दल एकही चांगला शब्द कुणी उच्चारला नव्हता. टाइस्तो खाटीकखान्यासाठी जनावरं विकत घ्यायचे. गोठ्यात शिरायचे, पाठीवर हात फिरवायचे, वजन बोलायचे आणि पैसे मोजायचे. गावोगावचे शेतकरी त्यांच्या बोलण्यापुढे काटा मागवत नसत.

त्या वर्षी ऑगस्टच्या जत्रेत मंडळाने नवीन खेळ काढला. उल्यास नावाचा वळू मैदानात बांधायचा आणि त्याचं वजन ओळखायचं. पाच मार्कांचं नाणं देऊन चिठ्ठी घ्यायची, आकडा लिहून पेटीत टाकायचा. सर्वांत जवळच्या आकड्याला बक्षीस म्हणून होडीला लावायचं नवंकोरं इंजिन. अध्यक्षांनी भाग घेऊ नये असा नियम नव्हता, कारण नियमच नव्हते. टाइस्तोंनी बाह्या सरसावल्या, वळूला दोन प्रदक्षिणा घातल्या, पाठ दाबली, खूर पाहिले, डोळे मिटले आणि आकडा लिहिला. इंजिन कुठे ठेवायचं तेही त्यांनी घरी ठरवून ठेवलं होतं म्हणे.

आप्पी कुंपणापाशी उभे राहून काहीतरी खात होते. खाता खाताच त्यांनी आकडा लिहिला आणि हात पुसला.

वळूला डेअरीच्या काट्यावर चढवलं. नऊशे सत्याऐंशी किलो. चिठ्ठ्या उघडल्या. टाइस्तो चाळीस किलोंनी चुकले होते. आप्पींच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, नऊशे सत्याऐंशी.

मग टाइस्तोंनी अध्यक्ष या नात्याने इंजिन आप्पींच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली."

आप्पी म्हणाले, "फांदीनं कावळा नीट बघून ठेवला होता."

तिथून जे सुरू झालं ते पानगळ होऊन तळं गोठलं तरी संपलं नाही. दुकानात आप्पी दिसले की टाइस्तो मोठ्याने म्हणायचे, "आले बघा नशीबवान! एन्सिओ, आज पाव कुठला घेऊ सांग, तुझा हात लागला की आत सोनं निघेल." आप्पी म्हणायचे, "डोळे लागतात टाइस्तो, हात नाही. तू जनावर हातानं बघतोस, तिथंच चुकतं." चर्चच्या पायऱ्यांवर तेच, वाफेच्या न्हाणीघरात तेच. सासूबाई कंटाळून म्हणायच्या, "त्या वळूचं तरी बरं, त्याला कापून खाल्लं. याच्यातून सुटला तो."

जानेवारीत उत्पन्नाचं विवरण भरायचं असतं. दरवर्षी मी आप्पींच्या स्वयंपाकघरात बसतो, ते सांगतात आणि मी लिहितो. पेन्शन, दुसरं काही नाही, सही. इतकं सोपं. त्या वर्षी मी लिहिता लिहिता सहज माहितीपुस्तिका चाळली आणि मूर्खासारखं तोंड उघडलं.

"आप्पी, इथे म्हटलंय की स्पर्धेत मिळालेलं बक्षीस हे उत्पन्न धरतात. वस्तू असली तरी. तिच्या किमतीवर कर पडतो."

आप्पींचा कॉफीचा कप वाटेतच थांबला. "कसलं बक्षीस?"

"इंजिन."

"ते उत्पन्न कसं? मी त्याला पिकवलं का विकलं?"

"तसं नाही. मात्र सोडतीत निघालेलं असेल तर तुम्हाला काही नाही. नशिबानं मिळालं तर माफ, कसबानं मिळवलं तर कर."

सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्या वळल्याही नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "मग काय, सोपंच आहे. नशीब लिही."

आप्पींनी कप खाली ठेवला. ओठ हलले, पण 'नशीब' हा शब्द बाहेर पडेना. ऑगस्टपासून टाइस्तोंच्या तोंडून जो शब्द त्यांनी शिवीसारखा झेलला, तोच आता स्वतःच्या सहीनिशी सरकारला लिहून द्यायचा? आणि नाही द्यायचा, तर कर भरायचा? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

"थोडं नशीब आणि थोडं कसब असं लिहिता येतं का?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"तसा रकाना नाही, आप्पी."

"एवढं मोठं सरकार आणि एक रकाना नाही!"

शेवटी मी तालुक्याच्या टॅक्स ऑफिसात फोन केला. फोन घेणाऱ्या तिर्कोनेनबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "वजन ओळखायला लावलं त्या मंडळानं सोडतीचा परवाना काढला होता का?"

"मला वाटत नाही त्यांनी कसलाच विचार केला होता."

"मग जिंकणारा आणि मंडळाचा अध्यक्ष, दोघांनाही घेऊन या. नशिबाचा खेळ ठरला तर तो परवान्याशिवाय झाला आणि सोडतीचा कर मंडळानं भरायचा. कसबाचा ठरला तर मंडळ सुटलं, आणि कर जिंकणाऱ्यानं भरायचा."

मी हे टाइस्तोंना सांगायला गेलो तेव्हा ते अंगणातला बर्फ उपसत होते. ऐकता ऐकता फावडं हळूहळू थांबलं. मंडळाच्या तिजोरीत काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. जत्रेतून उरलेले पेपर नॅपकिन. काही गडबड झाली तर अध्यक्षाच्याच खिशाला हात लागणार.

"म्हणजे," टाइस्तो म्हणाले, "एन्सिओ हुशार आहे असं मी म्हणायचं?"

"तुम्हाला वाटत असेल तर."

"वाटण्याचा काय संबंध! म्हणायचं का, ते विचारतोय."

ठरलेल्या दिवशी मी गाडी काढली. सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर पर्स. मागे ते दोघे, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मग टाइस्तो खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझं मत काय मग?"

"कशाबद्दल?"

"असंच. सगळ्याबद्दल."

"मी म्हणतो कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली," आप्पी म्हणाले.

टाइस्तो चटकन वळले. "असं कसं म्हणतोस? माणसानं स्वतःला इतकं कमी लेखू नये."

"तूच लेखत होतास!"

"तेव्हा मला पूर्ण माहिती नव्हती."

सासूबाई पुढे बघत म्हणाल्या, "दोघांची थोबाडं बघण्यासारखी झाली असतील. पण मी वळणार नाही, मान दुखते."

तिर्कोनेनबाईंची खोली छोटी आणि गरम होती. खिडकीत फर्नची कुंडी होती आणि टेबलावर वेलदोड्याच्या पावाची बशी. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. आम्ही आत गेलो तशा त्या म्हणाल्या, "या, बसा. हिल्काबाई, तुम्ही इकडे हीटरजवळ बसा." त्यांना सासूबाईंचं नाव माहीत आहे, हे माझ्या लक्षात आलं. आप्पी मात्र स्वतःच्याच काळजीत बुडालेले होते.

"प्रश्न एकच आहे," बाई म्हणाल्या. "हे बक्षीस नशिबानं मिळालं की कसबानं?"

आप्पींनी घसा साफ केला. "आता नशीब म्हणायचं, तर नशीब म्हणणारे लोकही असतात."

"आणि कसब म्हणणारेही असतात," टाइस्तो म्हणाले. "त्यांच्यातल्या काहींना मी ओळखतो."

"मीसुद्धा याच भागातली आहे," बाई म्हणाल्या. "माझे वडील मरताना डॉक्टरांनी त्यांना दुखतंय का विचारलं, तर ते म्हणाले, दुखणारे असतात. तेव्हा मला फिरवू नका. राउतियाइनेन, आधी तुम्ही बोला."

टाइस्तोंनी खुर्चीचे हात धरले. दात काढायला बसलेल्या माणसासारखा चेहरा झाला. "एन्सिओला," ते म्हणाले आणि थांबले. "एन्सिओला नजर आहे."

"कसली नजर!" आप्पी उसळले. "मला वळू कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो तेही कळत नाही. बाई, मी एकदा अंधुक उजेडात चर्चच्या दारातल्या खांबाला सुप्रभात म्हटलंय."

"त्याला विनय फार," टाइस्तो म्हणाले.

"मला विनय बिलकुल नाही! कुणालाही विचारा!"

"हे खरं आहे," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पोन्तिनेन, तुम्ही तो आकडा काढलात कसा? काहीतरी मनात आलं असेलच ना?"

आप्पींनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. सांगू नये हे त्यांना कळत होतं. पण सहा महिन्यांत 'कसा काढलास' हे त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. एकानेही नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. मी आपला त्याला आडवा पाडला. मनातल्या मनात. वळू म्हणजे बर्चचाच ओंडका. छातीशी घेर, खांद्यापासून शेपटीपर्यंत लांबी. त्याचं घनफळ काढलं आणि महिनाभर पाण्यात भिजलेल्या बर्चचं वजन लावलं."

"आणि पाय?"

"पाय म्हणजे फांद्या. फांद्या आम्ही मोजत नाही."

"मग वजन कमी भरायला हवं होतं."

"म्हणून डोकं दोनदा धरलं," आप्पी म्हणाले. मग भानावर येऊन घाईघाईने पुढे बोलले, "हे सगळं चुकीचं आहे, बाई. असं कुणी काढत नाही. निव्वळ बोलाफुलाला गाठ. हवं तर आत्ता दाखवतो, कसा चुकतो ते." आणि समोर दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी बाईंकडे पाहिलं, आधी खांद्यापाशी, मग खाली. सवयीने टाइस्तोंनीही मान तिरकी केली.

तिर्कोनेनबाईंनी फाइल उचलून छातीशी धरली. "काही गरज नाही!"

सासूबाईंनी टेबलाखालून आप्पींच्या बुटावर बूट ठेवला. बाईंनी बशी पुढे सरकवली आणि सगळ्यांनी एकेक पाव घेतला.

पाव खाऊन झाल्यावर टाइस्तो बोलायला लागले, पण त्यांचा आवाज बदलला होता. ते बाईंकडे बघत नव्हते, टोपी हातात फिरवत होते.

"एका वर्षी पूर आला होता," ते म्हणाले. "दोर तुटले आणि तीन डेपोंचा माल एकात एक मिसळला. ओंडक्यांवरचे शिक्के धुऊन गेलेले. माझा धाकटा भाऊ तिथं कामाला होता. एन्सिओनं काठावर उभं राहून सांगितलं, हा आपला, तो त्यांचा, हा वरच्यांचा. सगळा दिवस. वरच्या डेपोचे लोक भांडायला आले होते, तर कॉफी पिऊन गेले. भावानं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हटलं, नशीब."

आप्पींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि त्या दिवशी मैदानात मी वळूच्या पाठीवर हात फिरवला. खूर बघितले. मी आयुष्यभर हेच केलं बाई, दुसरं मला काही येत नाही. आणि चाळीस किलोंनी चुकलो. हा कुंपणापाशी सॉसेज खात उभा होता. याला जर नजर असेल, तर माझे हात काय कामाचे होते? म्हणून नशीब नशीब करत राहिलो. आणखी काय करणार होतो?"

टाइस्तोंचे कान लाल झाले होते. त्यांनी बोलायला नको होतं इतकं खरं ते बोलून गेले होते आणि हे परवान्यासाठी नव्हतं, हे सगळ्यांना कळलं होतं.

आप्पींनी टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं टिपला. मग म्हणाले, "सॉसेज नव्हतं. पाव होता."

"बरं, पाव."

"आणि तू दरवेळी काट्याच्या दोन किलोंच्या आत यायचास. मला माहितीय. त्या दिवशी तुला ताप होता. तुझी बायको सांगत होती."

"थोडासा होता," टाइस्तो म्हणाले.

"मग काय! तापात हाताला सगळं हलकं लागतं." आप्पी ताठ बसले आणि बाईंकडे वळले. त्यांचा चेहरा असा झाला होता जसा लग्नाच्या फोटोत आहे. "लिहा बाई. कसब. पण एक आहे. हा आत्ता जे बोलला ते कागदावर घ्या आणि त्याची सही घ्या."

"सगळं?"

"पुरापासून."

टाइस्तो 'हे ठरलं नव्हतं' असं काहीतरी पुटपुटले, पण सही करून दिली. बाईंनी हिशेबाचं यंत्र ओढलं, बटणं दाबली आणि आकडा सांगितला. साधारण दीड हजार मार्क.

लग्नाच्या फोटोतला चेहरा जागच्या जागी म्हातारा झाला. आप्पींनी एकदा टाइस्तोंकडे पाहिलं, एकदा सहीच्या कागदाकडे. मला वाटतं, क्षणभर तो कागद खाऊन टाकावा की काय असा विचार त्यांच्या मनात आला असावा.

"मी भरते," सासूबाई म्हणाल्या.

"तू? कशातून?"

"जॅमच्या पैशातून."

"कुठला जॅम?"

सासूबाईंनी पर्सचा खटका उघडला आणि लावला. तिर्कोनेनबाई एकदम फर्नच्या कुंडीतली माती तपासायला लागल्या.

"लेम्पीकडे करते," सासूबाई म्हणाल्या. लेम्पी ही त्यांची बहीण, तळ्याच्या पलीकडे राहणारी. "आठ उन्हाळे झाले. तू बेऱ्या विकायला बाजारात गेलास की मी तिकडे जाते. चमचा हलवते. बरण्या इथल्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये जातात. आणि दरवर्षी इथं येऊन सांगते, इतके आले म्हणून, आणि कर भरते."

"स्वतःहून?" आप्पींचा आवाज चिरकला.

"दरवर्षी, वेळेच्या आधी," तिर्कोनेनबाई कुंडीकडे बघतच म्हणाल्या.

"पोन्तिनेनच्या घरातून! सरकारला! स्वतःहून!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू घरात चोर निघाल्याची साक्ष मी द्यावी. "आणि मला एक शब्द नाही?"

"म्हाताऱ्या, तू विचारलं कधी होतंस? तू फक्त सांगत होतास. आणि तुझ्या त्या बेऱ्यांना येतात किती? माझ्या बरणीला तिप्पट मिळतात. कर देऊनसुद्धा." त्यांनी पर्समधून पैसे काढले नाहीत, नुसती ती मांडीवर सरळ केली. "तर मी भरते. पण मग इंजिन कुणाचं ते इथंच ठरू दे. लेम्पीकडे जायला रस्त्यानं अर्धा दिवस मोडतो आणि वल्ही मारायला तुझी पाठ नेहमी दुखते. मी चालवणार."

"बायकांनी होडीचं इंजिन..." टाइस्तो म्हणायला लागले.

"टाइस्तो, तुझी सही वाळलीय का बघ."

टाइस्तोंनी खरंच कागदावर वाकून पाहिलं.

आप्पींनी खूप वेळ विचार केला. शेवटी बाईंना विचारलं, "बायकोनं नवऱ्याचा कर भरला तर ती भेट धरतात का? तिच्यावर काही पडतं का?"

"नाही पडत," तिर्कोनेनबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण वळल्या नाहीत.

"मग ठीक आहे," आप्पी म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते दोघे मागच्या सीटवर खेटून बसले होते आणि पुराच्या वर्षी नक्की कुणाकुणाचे ओंडके वाहून गेले यावर भांडत होते. घरी पोहोचेपर्यंत सासूबाईंना झोप लागली होती.

मे महिन्याच्या शेवटी तळं मोकळं झालं. इंजिन होडीला लावायला मला आणि टाइस्तोंना अर्धी दुपार लागली. आप्पी काठावरून सूचना देत होते. सासूबाई पायघोळ कोटावर लाइफ जॅकेट चढवून आल्या, मागच्या फळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बसा."

"मी काठावरून बघतो," आप्पी म्हणाले.

"बस म्हटलं ना."

आप्पी आणि टाइस्तो पुढच्या फळीवर बसले, मी मध्ये रिकाम्या बरण्यांच्या खोक्यापाशी. सासूबाईंनी दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला गरजलं. त्यांनी मूठ पिळली ती थेट शेवटपर्यंत. होडीचं नाक वर उचललं गेलं, टाइस्तोंची टोपी मागे उडाली आणि माझ्या कानाजवळून पाण्यात गेली. दोघा म्हाताऱ्यांनी एकाच वेळी एकमेकांचा हात घट्ट पकडला.

"हिल्का! हळू!" आप्पी ओरडले. "तीस किलोमीटर आहे ताशी!"

"पस्तीस!" टाइस्तो ओरडले.

सासूबाईंना काही ऐकू आलं नाही. त्यांचा रुमाल वाऱ्यावर फडफडत होता, गाल लाल झाले होते, आणि समोर लेम्पीच्या धक्क्यावर कुणीतरी दोन्ही हात हलवत उभं होतं. वेग कमी करायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, हे तेव्हा आम्हा तिघांच्याही लक्षात आलं.